नावाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका

मंडळी, पडद्यावर खेळण्यातल्या रेल्वेची दोन इंजिनं दिसतायत. दोन्ही हिरवी, दोन्ही ब्रिटिश रेल्वेच्या दक्षिण विभागातल्या 'वेस्ट कंट्री' वर्गातल्या खऱ्या इंजिनांची मॉडेलं. डावीकडचं 'बार्नस्टेपल', क्रमांक 34005. उजवीकडचं 'डॉर्चेस्टर', क्रमांक 34042. लांबी साधारण वीतभर. दोन्ही लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या मेकॅनो कारखान्यात, 'हॉर्नबी डब्लो' या नावाखाली, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली. वरचा सांगाडा एकाच साच्यातला. तरी लिलावात बार्नस्टेपल आलं की लोक चहा घ्यायला उठतात आणि डॉर्चेस्टर आलं की खुर्च्या पुढे सरकतात. माझ्याकडे अर्थातच बार्नस्टेपल आहे, म्हणून डॉर्चेस्टरचं फक्त चित्र आणलंय.

फरक पोटाखाली आहे. बार्नस्टेपल दोन रुळांवर चालतं, डॉर्चेस्टर तीन रुळांवर. कॅटलॉगमधले क्रमांक बघा: बार्नस्टेपल 2235, डॉर्चेस्टर 3235. पहिला आकडा रुळांची संख्या सांगतो. मेकॅनो कंपनीने त्या काळात एकाच मॉडेलला दोन नावं द्यायची पद्धत ठेवली होती. दोन रुळांवर 'गोल्डन फ्लीस', तीन रुळांवर 'मॅलार्ड'. दोन रुळांवर 'सिटी ऑफ लंडन', तीन रुळांवर 'सिटी ऑफ लिव्हरपूल'. 'कार्डिफ कासल' आणि 'लडलो कासल' ही आणखी एक जोडी. नाव वाचलं की कोणत्या रुळाचं इंजिन ते दुकानदाराला लगेच कळायचं.

आता गोम अशी, की तोवर तीन रुळांची पद्धत मरणपंथाला लागली होती. नवं गिऱ्हाईक दोन रुळांकडे वळलेलं, जुनं गिऱ्हाईक हळूहळू कमी होत चाललेलं. त्यामुळे शेवटच्या वर्षांतली तीन रुळांची इंजिनं कमी बनली, आणि आज तीच दुर्मीळ ठरली. ताशी 126 मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम ज्या मॅलार्डने 1938 मध्ये केला, ते सगळ्यांत प्रसिद्ध नाव कंपनीने नेमकं मावळत्या पद्धतीला देऊन टाकलं. मला यात कसलंही धोरण दिसत नाही. विक्री खात्यातल्या कुणीतरी यादी करून नावं वाटून दिली असावीत.

तीन रुळ मुळात आले कुठून, हे थोडं मागे जाऊन सांगतो. फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा माणूस. 1901 मध्ये त्याने भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्टांच्या खेळण्याचं पेटंट घेतलं. तोच पुढे मेकॅनो झाला, जो आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. 1920 पासून त्याच कंपनीने 'हॉर्नबी' नावाच्या पत्र्याच्या आगगाड्या काढल्या. त्या 'ओ' गेजच्या, म्हणजे रुळांमधलं अंतर 32 मिलिमीटर. एक वळण घ्यायचं तर अर्धी खोली लागायची. ब्रिटनमधली मध्यमवर्गीय घरं काही तेवढी मोठी नव्हती, म्हणून टेबलावर मावेल अशा गाडीची मागणी पहिल्या महायुद्धानंतर लगेचच सुरू झाली. जर्मनीतल्या बिंग कंपनीने 1922 मध्ये अशी टेबल-रेल्वे बनवली आणि नॉर्थहॅम्प्टनच्या बॅसेट-लोक यांनी ती ब्रिटनमध्ये विकली. त्याच मंडळींच्या वर्तुळातून 1930च्या दशकात 'ट्रिक्स ट्विन' आली. एकाच रुळावर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवायची तिची युक्ती होती, प्रत्यावर्ती विजेवर. युक्ती भारी, दिसायला मात्र ओबडधोबड. ट्रिक्सप्रेमी कुणी सभागृहात असतील तर त्यांनी नंतर मला गाठावं.

हॉर्नबी डब्लो बाजारात आली 1938 मध्ये. फ्रँक हॉर्नबी त्याआधीच, 1936 मध्ये गेला होता. पहिली इंजिनं दोन: एलएनईआर या ब्रिटिश रेल्वे कंपनीचं 'सर नायजेल ग्रेसली', क्रमांक 4498, आणि एक छोटं टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या अंगावरच असलेलं. दोन्ही चावीवर आणि विजेवर अशा दोन्ही प्रकारांत मिळायची. वीज 12 व्होल्टची, एकदिशा.

इथे मापाचा एक घोळ सांगितलाच पाहिजे, कारण ब्रिटिश मॉडेलचा संग्राहक आयुष्यभर त्यात अडकलेला असतो. रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. जर्मनीत, अमेरिकेत, आणि ज्यांनी पुण्याचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय पाहिलंय त्यांच्या ओळखीच्या युरोपीय गाड्यांतही, या अंतरावर 1:87 प्रमाणाची गाडी बसते. हिशेब बरोबर जुळतो. ब्रिटनमध्ये मात्र खऱ्याच रेल्वेचे बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे इंजिनंही युरोपपेक्षा अंगाने बारीक. ती 1:87 ने लहान केली तर आत मोटर मावेना. मग तोडगा निघाला: रूळ तेच ठेवायचे आणि इंजिन 1:76 ने, म्हणजे फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने, मोठं करायचं. धाकट्याच्या विजारीवर थोरल्याचा सदरा. खरं तर या प्रमाणाला रुळांमधलं अंतर 18.83 मिलिमीटर हवं. आजही ब्रिटनमधलं बहुसंख्य मॉडेल याच तडजोडीवर चालतं, आणि समोरून पाहिलं की इंजिन अरुंद पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. ज्यांना हे सहन होत नाही ते स्वतः 18.83चे रूळ घालतात. त्यांच्या चिकाटीला माझा नमस्कार.

तर तीन रुळ. बाहेरचे दोन रूळ विजेचं एक टोक, मधला रूळ दुसरं टोक. मग चाकं थेट धातूची असली तरी बिघडत नाही, आणि रूळ वळवून परत स्वतःलाच जोडला तरी शॉर्ट सर्किट होत नाही. मुलांच्या खेळण्याला ही सोय उत्तमच. पण दिसायला विचित्र, कारण खऱ्या रेल्वेला असा मधला रूळ नसतो. युद्धानंतर 1950 मध्ये रोव्हेक्स नावाच्या छोट्या कंपनीने मार्क्स अँड स्पेन्सरसाठी प्लॅस्टिकच्या इंजिनाचा, दोन रुळांचा स्वस्त संच बनवला. 1951 मध्ये लाइन्स ब्रदर्सने ती कंपनी विकत घेतली आणि त्यातून 'ट्रायँग' उभी राहिली. मेकॅनो कंपनी ओतीव धातूचं वजनदार इंजिन आणि तीन रूळ यांनाच चिकटून बसली. दोन रुळांकडे तिने मोर्चा वळवला तो 1959 मध्ये. उशीर झाला होता. 1964 मध्ये लाइन्स ब्रदर्सनेच मेकॅनो ताब्यात घेतली, डब्लो बंद पडली. काही साचे बॅसिल्डनच्या रेन कंपनीकडे गेले आणि 1990च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्याच साच्यांतून इंजिनं निघत राहिली. बिन्स रोडचा कारखाना 1979 मध्ये बंद झाला.

हा व्यापाराचा इतिहास पुस्तकांत सापडतो, म्हणून भरभर सांगून टाकला. आता माझ्या आवडीचा भाग: हातात आलेलं इंजिन वाचायचं कसं.

पहिला नियम, नाव आणि नंबर सगळ्यांत शेवटी वाचायचे. रंग खरवडता येतो, पट्ट्या बदलता येतात. दुरुस्तीसाठी म्हणून नव्या पट्ट्या उघडपणे विकत मिळतात आणि त्यात काही गैर नाही. पण बार्नस्टेपल घ्यायचं, डॉर्चेस्टरच्या पट्ट्या लावायच्या, खाली मधल्या रुळावर घासणारा स्पर्शक बसवायचा, आणि किंमत कितीतरी पट लावायची, हा धंदाही चालतो. वर आणखी गुंता म्हणजे रेन कंपनीने पुढे दोन रुळांचंही डॉर्चेस्टर काढलं. म्हणजे डॉर्चेस्टर नावाचं दोन रुळांचं इंजिन दिसलं की लगेच खोटं म्हणायची सोय नाही, आणि तीन रुळांचं दिसलं की लगेच खरं म्हणायचीही नाही.

मग बघायची ती झीज. इंजिन जर वर्षानुवर्षं तीन रुळांवर धावलं असेल तर स्पर्शकाच्या तळाला चकचकीत पट्टा पडलेला असतो आणि चाकांच्या कडाही त्याच मानाने घासलेल्या असतात. चाकं झिजलेली आणि स्पर्शक कोरा, असं दिसलं की काहीतरी बदललंय हे नक्की. बदल कुणी, कशासाठी केला हा पुढचा प्रश्न. कदाचित 1970 साली कुणा बापाने मुलासाठी बदलला असेल. स्क्रूच्या खाचा बघा. कारखान्यात एकदा घट्ट केलेला स्क्रू आणि पाच वेळा उघडलेला स्क्रू यांच्या खाचेत फरक पडतो. भिंग घ्या आणि रंग कुठे थांबतो ते शोधा. कारखान्यात सुटे भाग रंगवून मग जोडत. घरी रंगवणारा जोडलेलंच रंगवतो, त्यामुळे सांध्यांत आणि स्क्रूच्या आट्यांत रंग शिरलेला सापडतो.

मग कपलिंग, म्हणजे डबे जोडायची कडी. युद्धापूर्वीच्या डब्लोची कडी लवचिक पोलादी पट्टीची. युद्धानंतर मेकॅनोने 'पेको' कंपनीच्या सिडनी प्रिचर्ड यांच्या पेटंटची कडी परवाना घेऊन वापरली. त्यामुळे 1938चं म्हणून आणलेल्या इंजिनाला नवी कडी असेल तर एक तर कडी नंतर बदललेली, नाही तर इंजिनच नंतरचं. नंबरही कधीकधी तारीख सांगतो. खऱ्या ग्रेसली इंजिनाचा 4498 हा क्रमांक 1946च्या फेरक्रमांकनात 7 झाला, आणि युद्धानंतरच्या डब्लोवर 7 हाच आकडा आला.

पण नंबर खोटंही बोलतो, अगदी कारखान्यातून निघाला तेव्हापासून. त्या छोट्या टँक इंजिनाची गोष्ट मला फार आवडते. ते मॉडेल एलएनईआरचे इंजिन-रचनाकार नायजेल ग्रेसली यांच्याच 'एन2' वर्गाचं, लंडनच्या किंग्ज क्रॉसहून उपनगरी गाड्या ओढणाऱ्या इंजिनाचं. म्हणजे ते एलएनईआरच्या रंगातच शोभलं असतं. मेकॅनोने मात्र तेच ओतीव शरीर चारही मोठ्या रेल्वे कंपन्यांच्या रंगांत विकलं. ग्रेट वेस्टर्नच्या हिरव्या रंगातल्या इंजिनावर 6699 हा नंबर घातला. हा नंबर काल्पनिक नाही. ग्रेट वेस्टर्नकडे 6699 खरोखर होतं, चाकांची मांडणीही तीच, पण ते दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यांसाठी बनवलेल्या 5600 वर्गातलं शेवटचं इंजिन. बॉयलर, घुमट, टाकी, सगळं वेगळं. कुणीतरी कार्यालयात बसून चाकांची रचना जुळणारा खरा नंबर शोधून काढला होता. फसवणूक म्हणायची तर किती प्रामाणिकपणे केलेली!

आणि ज्यांना वाटतं की असे घोळ फक्त खेळण्यांत होतात, त्यांच्यासाठी एक किस्सा. फेब्रुवारी 1952 मध्ये राजा सहावा जॉर्ज वारला. अंत्ययात्रेची गाडी ओढायला 'विंडसर कासल', क्रमांक 4082, हवं होतं, कारण त्या इंजिनाचं राजघराण्याशी जुनं नातं. पण ते स्विंडनच्या कारखान्यात दुरुस्तीला पडलेलं. मग काय, 7013 'ब्रिस्टल कासल'वर विंडसर कासलच्या पट्ट्या चढवल्या आणि त्याच इंजिनाने राजाची गाडी ओढली. पुढे पट्ट्या परत बदलल्याच नाहीत. आता गंमत बघा. हॉर्नबी डब्लोने आपलं 'कासल' वर्गातलं इंजिन काढलं ते 'ब्रिस्टल कासल 7013' या नावाने. ट्रायँगने टीटी गेजमध्ये, म्हणजे 12 मिलिमीटरच्या रुळावर, कासल काढलं ते 'विंडसर कासल' या नावाने. दोघांची मॉडेलं 1952 नंतरची, त्यामुळे दोन्ही कारखान्यांनी एकमेकांची नावं घेऊन फिरणाऱ्या इंजिनांचीच मॉडेलं बनवली. ही जोडी मी मुद्दाम एकाच फळीवर ठेवलीय. मापं जुळत नाहीत, पण शेजार जुळतो.

कागदांकडे येऊ. मेकॅनो कंपनीच्या सूचनापत्रकांवर तळाशी बारीक अक्षरात छपाईचा संकेत असतो. त्यात 953 असं दिसलं तर सप्टेंबर 1953, आणि पुढचा आकडा किती हजार प्रती छापल्या ते सांगतो. नवशिक्या संग्राहकाला हे कळलं की तो आनंदाने इंजिनाचं जन्मसाल जाहीर करतो. सावकाश! ती तारीख कागदाची आहे. हजारोंनी छापलेला गठ्ठा संपेपर्यंत दोन वर्षंही जात असतील. शिवाय खोकं आणि इंजिन यांची जोडी कारखान्यात जमली की परवाच्या जत्रेत, हे खोकं सांगत नाही.

कॅटलॉगही तसेच. 'डचेस ऑफ अथॉल' हे लाल इंजिन 1939च्या कॅटलॉगमध्ये छापलेलं आहे. चित्र आहे, वर्णन आहे. दुकानात मात्र आलं नाही. युद्ध सुरू झालं, कारखाना युद्धसामग्रीकडे वळला आणि डचेस बाजारात यायला युद्ध संपावं लागलं. म्हणून कॅटलॉग हा कंपनीच्या इराद्याचा पुरावा. इंजिन बनल्याचा पुरावा इंजिनच. 'मेकॅनो मॅगझिन'मधल्या जाहिराती, दुकानांची बिलं, तारीख घातलेले कौटुंबिक फोटो, आणि 1969 मध्ये स्थापन झालेल्या हॉर्नबी रेल्वे संग्राहक संघाच्या सभासदांनी आपापल्या इंजिनांच्या केलेल्या नोंदी, हे सगळं एकमेकांशेजारी ठेवून मग बोलायचं.

जाता जाता अगदी छोट्या मापाचं एक नाव घेतो. लोन स्टार ही ओतीव खेळणी बनवणारी ब्रिटिश कंपनी. 1957 मध्ये तिने बोटाएवढ्या ढकलगाड्या काढल्या आणि 1960 मध्ये त्याच आकारात विजेवर चालणारी 'ट्रेबल-ओ-लेक्ट्रिक'. मोटरकडून चाकांकडे गती न्यायला आत रबर बँड! आज मिळणाऱ्या बहुतेकांतला मूळ रबर केव्हाच विरघळून काळं डिंक झालेला असतो. ब्रिटनमध्ये एन गेज, म्हणजे 9 मिलिमीटरच्या रुळाचं माप, रुजायच्या आधीची ही धडपड मला डब्लोपेक्षा धाडसी वाटते, पण संग्राहक तिच्याकडे जरा खालच्या नजरेनेच बघतात.

आता रोगाबद्दल. युद्धापूर्वीची ओतीव इंजिनं जस्ताच्या मिश्रधातूची. ब्रिटनमध्ये त्याला मॅझॅक म्हणतात. मिश्रणात शिशाचा अगदी नखभर अंश जरी शिरला तरी धातूच्या कणांमधल्या सीमा आतून कुरतडल्या जातात. शरीर फुगतं, वाकतं, केसाएवढ्या भेगा पडतात आणि शेवटी हातात भुगा येतो. याला औषध नाही. ओतकामाच्या दिवशी भट्टीत शिशाचा तुकडा पडला की त्या इंजिनाचं भविष्य ठरलं. मात्र वेग आपल्या हातात आहे, कारण ऊब आणि दमट हवा या दोन्हींनी रोग भराभर वाढतो. म्हणून मुंबईत किंवा कोकणपट्टीत कुणाकडे असं इंजिन असेल तर पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा, माळ्यावर तर मुळीच नको. खोक्याचा पुठ्ठा वेगळा जपा. कसर इंजिन खात नाही, खोकं खाते.

आणि कृपा करून रंगवू नका. हे मी दरवेळी सांगतो आणि दरवेळी कुणीतरी चहाच्या वेळी चकचकीत रंगवलेल्या डचेसचा फोटो दाखवतं. सुंदर असते ती. पण आत्ता मी ज्या खुणा सांगितल्या, सांध्यातला रंग, स्क्रूची खाच, अक्षरांचा मूळ ट्रान्सफर (चिकटवलेला छाप), त्या सगळ्या एका दुपारी पुसल्या गेलेल्या असतात. ते इंजिन आता 1953 बद्दल काही सांगू शकत नाही. रंगवणाऱ्याचा हात किती स्थिर आहे एवढंच सांगतं. ज्याचा रंग आधीच कुणीतरी घालवलाय, त्याच्यावर हात साफ करा. तशी इंजिनं स्वस्त मिळतात आणि त्यांना नवा जन्म देण्यात खरा आनंद आहे. मूळ रंगाचं, टवके उडालेलं इंजिन मऊ ब्रशने धूळ झटकून तसंच ठेवा.

प्रश्न आलाय: चालवायचं की कपाटात ठेवायचं? मी चालवतो. अट एवढीच की जुना ट्रान्सफॉर्मर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची रबरी वेष्टनाची वायर आतून कोरडी होऊन तडकलेली असते आणि त्या पेटीत शिरणारी वीज 12 व्होल्टची नसते. आजचा, 12 व्होल्ट एकदिशा देणारा कंट्रोलर वापरा. कम्युटेटरवरची, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या संपर्क-पट्ट्यांवरची, कार्बनची काजळी पुसा, धुऱ्यांना तेलाचा एकेक थेंब, जास्त नको. इंजिन गरम होऊनही संथ धावत असेल तर बहुधा लोहचुंबक अशक्त झालेला असतो. तो पुन्हा चुंबकित करून देणारी माणसं ब्रिटनमध्ये आहेत. आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, मात्र चुंबकातून उगाच बाहेर काढू नका, त्यानेच तो आणखी अशक्त होतो.

काही बदललंत, समजा कार्बनचे ब्रश, तर जुने ब्रश छोट्या पाकिटात घालून, तारीख लिहून, खोक्यातच ठेवा. पुढे ज्याच्या हाती ते इंजिन जाईल त्याचे निम्मे कष्ट वाचतील. टेबलावर एक टँक इंजिन आणि भिंग ठेवलंय. इंजिन ग्रेट वेस्टर्नचं नाही, तेवढं आधीच सांगतो. बाकीचं उलटं करून तुम्ही शोधा; हातातून पडलं तर टेबलाला पोचा येईल, त्याला काही होणार नाही.